नवा टीव्ही पिवळा दिसतो

१ जानेवारी, गुरुवार

सुरतेच्या कापडवाल्याकडून यंदाही डायरी आली. दरवर्षी मी हिच्यात शेडचे नंबर लिहिते आणि होळीपर्यंत कुणीतरी चिठ्ठीसाठी पानं फाडून नेतं. यंदा म्हटलं, हिच्यात आपलंच लिहू. कारंज्याच्या बाजारात एकतीस वर्षं माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, परकर. बाई साडी घेऊन पायरीवर चढली की मी बसल्या जागेवरून सांगते, तिसऱ्या फळीवरचा सातवा गठ्ठा काढा. साडीला पीस लावून पाहायची मला गरज पडत नाही. उज्ज्वलाबाईच्या डोळ्यातच शेड कार्ड आहे, असं गावातल्या बाया म्हणतात. हे मी स्वतःच लिहिते आहे, पण डायरीत लाजायचं कुणाला?

नवऱ्याचं नाव मी आजपर्यंत तोंडानं घेतलेलं नाही. इथं घेते. देवानंद. एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरात आम्हा सगळ्यांना पुढं सरकायला सांगतात.

३ जानेवारी, शनिवार

नवीननं टीव्ही आणला. नवीन म्हणजे आमचा मुलगा, पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसतो. त्रेचाळीस इंची, भिंतीला टांगायचा, पोळपाटाइतकाही जाड नाही. जुना डब्बा टीव्ही देवानंदांनी पाठ थोपटून निरोप दिल्यासारखा माळ्यावर चढवला. बसवणारा माणूस आला, भिंतीला भोकं पाडली, तारा जोडल्या आणि चित्र लागलं. सगळे वा वा करायला लागले. सूनबाई रुचिकानं टाळ्याच वाजवल्या. ती शिरपूर जैनची, मे महिन्यात लग्न होऊन आली आहे, तिला टाळ्या वाजवायला फार काही लागत नाही.

मला मात्र चित्र पिवळं वाटलं. हळदीचं बोट पाण्यात बुडवून ते पाणी काचेवरून फिरवल्यासारखं. शिवाय अंधुक. मी तसं बोलून दाखवलं. नवीन म्हणाला, नव्या टीव्हीचं असंच असतं, हळूहळू सवय होते. मी म्हटलं, बाबा, एकतीस वर्षं रंग विकते आहे, पांढरं कोणतं आणि मोतिया कोणतं ते मला शिकवू नको.

४ जानेवारी, रविवार

रिमोट समजून घेतला. त्यात सेटिंग म्हणून एक खातं आहे आणि त्याच्या पोटात पिक्चर. आत गेलं की सगळा कारभार आपल्या हातात. ब्राइटनेस ५० होता, ७० केला. कलर ५० चा ६५. कलर टोन म्हणून एक आहे, तो 'वॉर्म'वर होता. रंग पिवळट करण्याचं काम त्याचंच असणार. त्याला 'कूल'वर आणला. आता बातम्यावाल्या बाईची साडी जरा साडीच्या रंगाची दिसते.

देवानंद म्हणाले, फार उजेड झाला. मी म्हटलं, बसमध्ये चाळीस वॅटच्या दिव्याखाली जन्म गेला तुमचा, तुम्हाला उजेड काय कळतो.

६ जानेवारी, मंगळवार

टीव्हीचे आकडे कुणीतरी पुन्हा खाली आणले. मी विचारलं, कुणी केलं? कुणीच केलं नव्हतं. मी पुन्हा वर नेले आणि यावेळी इथं लिहून ठेवते, म्हणजे चोरी पकडता येईल. ब्राइटनेस ७५, कलर ७०, टोन कूल.

दुकानातही उजेड पुरत नाही. हरीओम वायरमनला बोलावून दोन नव्या ट्यूब लावल्या. तो म्हणाला, बाई, आधीच चार आहेत. मी म्हटलं, तू लाव. हल्लीच्या ट्यूबमध्ये दम नाही. आज एक बाई पांढरा म्हणून नेलेला पीस परत घेऊन आली, मोतिया निघाला म्हणे. रुचिका पटकन पुढं झाली आणि तिनं त्या बाईला दुसरा देऊन टाकला. नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला ती म्हणायची, या, बाहेर उजेडात पाहून घेऊ, आणि पीस घेऊन पायरीवर जायची. चांगली सवय आहे, रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा. पण मी सांगितल्यावर पाहायचं काय राहतं?

९ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत आली की आमच्याकडं काळ्याचा हंगाम. चार दिवस फक्त काळे पीस, काळं अस्तर, काळे परकर. एरवी ज्या बाया काळ्याला हात लावत नाहीत त्याही काळं मागतात.

रुचिकाची पहिली संक्रांत. नव्या सुनेला काळी साडी सासूनं घ्यायची, हलव्याचे दागिने घालायचे. मी सकाळीच समोरच्या साडीवाल्याकडं गेले. त्यानं तीस-चाळीस साड्या उलगडल्या. सगळ्या काळ्या, पण काळ्यातही काळं असतं. एक लाल झाक मारते, एक हिरवी. मी बरोबर हेरून एक काढली, चांदीच्या बुट्ट्यांची, रात्रीसारखी ठार काळी. साडीवाल्यानं दोनदा विचारलं, बाई, हीच ना? मी म्हटलं, तुम्ही साडी विकता, मी रंग विकते. त्यानं बांधून दिली.

घरी आणून रुचिकाला दाखवली. तिनं साडी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, थोडा वेळ नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "लय सुंदर आहे आई." पदरानं डोळ्यांच्या कडाही पुसल्या. पोरीला कपड्याची पारख आहे.

११ जानेवारी, रविवार

देवानंद आता गॉगल लावून टीव्ही पाहतात. स्कूटरवर घालायचा तो काळा गॉगल. दुपारी क्रिकेटची मॅच होती तर पलंगावर गॉगल घालून बसलेले, शेजारची पोरं खिडकीतून पाहून हसत होती. मी विचारलं, हे काय? म्हणाले, स्टेडियममध्ये बसल्यासारखं वाटते, तिथं ऊन असते. म्हातारपणी हौस सुचते माणसाला.

मॅचमधलं गवत मला अजून शेवाळी दिसत होतं. आकडे: ब्राइटनेस ८५, कलर ८०. कूलच्या पुढं काही नाही, असतं तर तेही केलं असतं.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज मन भरून आलं. रुचिका काळी साडी नेसली, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, कपाळावर बिंदी, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. हलवा पांढराशुभ्र आणि साडी काळी, असं रूप खुललं की मी दृष्टच काढली. नवीननं मोबाइलवर पन्नास फोटो काढले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला पंचवीस-तीस बाया आल्या. दोघी-तिघी रुचिकाकडं पाहून कुजबुजत होत्या. शेजारच्या रुपाबाई मला म्हणाल्या, "काय वो उज्ज्वलाबाई, यंदा नवी रीत काढली का?" मला वाटलं, हलव्याच्या मुकुटाबद्दल बोलतात, कारण मुकुट आमच्या गल्लीत आजवर कुणी केला नव्हता. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. पण मी पुढं काही बोलायच्या आत रुचिकाच मधे पडली. "मीच आईले म्हटलं होतं, मले अशीच पाहिजे म्हनून." मुकुटाची कल्पना माझी होती. पण म्हटलं जाऊ दे, पोरीला श्रेय घ्यायचं असेल तर घेऊ दे आजच्या दिवशी.

१८ जानेवारी, रविवार

टीव्हीवाल्याला परत बोलावला. म्हटलं, पॅनल पिवळं आहे, बदलून द्या. त्यानं स्वतःची चित्रं लावून पाहिली, पांढरा चौकोन, लाल चौकोन, निळा चौकोन. म्हणाला, टीव्ही एकदम ओके आहे मावशी, उलट तुम्ही एवढा ब्राइटनेस ठेवू नका, खराब होईल. मी म्हटलं, तुझा पांढरा चौकोन मोतिया आहे. त्यानं देवानंदांकडं पाहिलं. देवानंदांनी छताकडं पाहिलं. नवीन म्हणाला, आईचं बरोबर आहे, थोडा मोतियाच आहे. पोरगं अखेर माझ्या बाजूनं बोललं याचा आनंद झाला, पण टीव्हीवाला गेल्यावर तो आतल्या खोलीत जाऊन का हसत होता ते कळलं नाही.

आज सगळं १०० वर नेलं. आता वर जागा नाही.

बाहेर बाजारात दिव्यांभोवती हल्ली गोल कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. एलईडी दिवेच वाईट.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज लिहायला बसले ते मन मोकळं करायला. गिऱ्हाईक आलं, मी पीस काढून दिला, रुचिका तो घेऊन पायरीवर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात दुसराच पीस. मी पाहिलं. जाता जाता मधल्या फळीवरून तिनं पदराआड बदलला. आठवडाभर हेच चाललं असणार. म्हणजे सूनबाईंना गादी हवी आहे. आल्याला आठ महिने झाले नाहीत. मी गिऱ्हाइकासमोरच म्हटलं, "दुकान माह्यं आहे. मी आहे तोवर रंग मीच देईन."

ती "हो आई," म्हणाली आणि पसरलेलं कापड घडी करत बसली. घडी तिनं तीनदा मोडून केली. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटलं. पण कमी बोलले असते तर तिनं ऐकलं नसतं, असंही वाटलं. जेवताना दोघी बोललो नाही. देवानंदांनी गॉगल घालून वरण-भात खाल्ला.

२८ जानेवारी, बुधवार

आज फय्याजभाईंनी मला बोलावलं. फय्याजभाई म्हणजे मागच्या गल्लीतले रंगारी. माझ्याकडं नसलेली शेड लागली की मी साडीचा धागा किंवा तुकडा नमुना म्हणून पाठवते, सोबत चिठ्ठीवर रंगाचं नाव, आणि ते पांढरं कापड त्या रंगात काढून देतात. तीस वर्षांत त्यांची आणि माझी एका शेडवरून खटकाखटकी झालेली नाही.

भट्टीवर भांडं उकळत होतं, दोरीवर ओढण्या वाळत होत्या. त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. म्हणाले, "भाभी, नाराज होऊ नका. तुमची चिठ्ठी आली का मी तिच्यावरच रंग घालतो, नमुना पाहाची गरज पडत नाही. पन या महिन्यात चार बार चिठ्ठी बाजूले ठेवली अन् नमुन्यावर घातला."

मी विचारलं, "काहून?"

"चिठ्ठीवर काळा लिवलं होतं. नमुना निळा होता."

मी म्हटलं, भट्टीच्या धुरानं तुमचेच डोळे गेले असतील. त्यांना राग आला नाही. त्यांनी दोरीवरचा एक दुपट्टा काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, कोणता रंग? मी म्हटलं, काळा. त्यांनी तो परत दोरीवर टाकला. मग हळूच म्हणाले, त्यांच्या आईचं, मेहरबींचंही असंच झालं होतं. मोतीबिंदू. निळा रंग सगळ्यात आधी जातो, आणि माणसाला तो गेलेला कळत नाही.

मी चहा न घेता उठले.

२९ जानेवारी, गुरुवार

दुकान उघडलं नाही. गच्चीवर ऊन चांगलं आलं तेव्हा ब्लाउजच्या रुबिया कापडाच्या शेड कार्डातले काळे, निळे, जांभळे, गडद हिरवे सगळे तुकडे सुटे करून वर नेले. चोवीस तुकडे. प्रत्येकाच्या पाठीवर कंपनीचा नंबर छापलेला. ते उताणे ठेवून मी गडद ते फिकट असे लावले, जसे मी डोळे मिटून लावू शकते असं मला वाटत होतं. मग एकेक उलटा केला.

नऊ चुकले. तीन नेव्ही ब्लू मी काळ्यात घातले होते. निळ्या चिंतामणीला मी बॉटल ग्रीन समजले. चिंतामणी. लग्नात मी चिंतामणी रंगाची साडी नेसले होते.

मी पुन्हा लावून पाहिले. यावेळी अकरा चुकले.

खूप रडले. मला भीती वाटते आहे, ते सरळ लिहिते. डोळे गेले तर मी कोण आहे? गल्ल्यावर बसून पैसे घेणारी कुणीही बाई. लोक माझ्याकडं रंगासाठी येतात, पीस तर कुठंही मिळतो.

दुपारी देवानंदांना सांगितलं. त्यांनी खिशातून गॉगल काढून टेबलावर ठेवला. "मले वाटलं तुले उजेडाची हौस आली. मंग कळलं तसं नाही. पन तू इतकी खुश होती त्या रिमोटवर, म्हटलं चालू दे."

म्हणजे यांना माहीत होतं. नवीनलाही. विचारत गेले तसं एकेक कळत गेलं. रुचिकाला तर दिवाळीपासून. त्या पायरीवरच्या फेऱ्या, ते पदराआड बदललेले पीस, मी चुकीचे दिलेले ती बाहेर जाऊन बरोबर करून देत होती, माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. आणि मी तिला गिऱ्हाइकासमोर काय म्हणाले ते सहा दिवसांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, राहू दे.

संध्याकाळी तिच्याजवळ गेले, पण शब्द फुटेना. तिनंच माझा हात धरला आणि शनिवारी वाशिमला दवाखान्यात जायचं सांगितलं, नंबर लावून झाला होता.

३१ जानेवारी, शनिवार

वाशिमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नखांना फिक्या अबोली रंगाची पॉलिश. निदान मला तरी अबोली दिसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. आधी उजवा करू, मग महिन्यानं डावा.

मी विचारलं, नवी लेन्स घातल्यावर रंग पहिल्यासारखे दिसतील का? की मशीनचे रंग दिसतील? त्या हसल्या आणि म्हणाल्या, पहिल्यापेक्षा बरे दिसतील. मी आजवर शेकडो व्यापाऱ्यांकडून 'रंग जाणार नाही' ऐकलेलं आहे, त्यामुळं विश्वास बसला नाही. पण तारीख घेतली. गुरुवार.

परतीच्या बसमध्ये देवानंद जागेवर बसलेच नाहीत. मंगरूळपीरला चढलेल्या गर्दीला पुढं सरकवत उभेच राहिले. कंडक्टरनं दोनदा रागानं पाहिलं, तिसऱ्यांदा ओळखलं आणि पाया पडला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल ऑपरेशन झालं. दुखलं नाही, भीतीच जास्त होती. आज सकाळी पट्टी काढली. अक्षर वेडंवाकडं येईल, लिहू नका म्हणून रुचिका ओरडते आहे, तरी चार ओळी लिहितेच.

पट्टी निघाली तेव्हा समोर नर्स उभी होती. तिचा पोशाख पांढरा. मोतिया नाही, पिवळट नाही, धुतलेला, नीळ दिलेला पांढरा. मी तिला विचारलं, बाई, हा नवा आहे का? म्हणाली, सहा वर्षांचा आहे.

मग कोपऱ्यातली बादली. निळी. मी दवाखान्याच्या दारातून आभाळ पाहिलं आणि तिथंच उभी राहिले, मागचे लोक थांबले तरी हलले नाही. इतकं निळं आभाळ मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं देव जाणे. मी हसत होते आणि देवानंद घाबरून मला धरत होते, त्यांना वाटलं चक्कर आली.

बसमध्ये पूर्ण रस्ताभर एक डोळा मिटून दुसऱ्यानं पाहत आले. उजव्यानं पाहिलं की हरभऱ्याचं शेत हिरवंगार, डाव्यानं पाहिलं की तेच शेत वाळत घातलेलं. शेजारच्या बाईला वाटलं मी तिला डोळा मारते आहे, तिनं जागा बदलली.

८ फेब्रुवारी, रविवार

थोडा वेळ टीव्ही पाहायची परवानगी मिळाली. मी टीव्ही लावला आणि ताडकन उठले. बातम्यावाल्या बाईचं तोंड निळं, थंडीनं काकडल्यासारखं. मागचा पडदा डोळ्यात सुई टोचावी तसा. कुणाचा तरी लग्नाचा शालू असा लाल की फटाका फुटेल.

मी विचारलं, कुणी केलं हे टीव्हीचं?

सगळ्यांनी माझ्याच हातातल्या रिमोटकडं पाहिलं. मग नवीनला हसू आवरेना, मग देवानंदांना, मग रुचिका पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. मी सेटिंगमध्ये गेले. ब्राइटनेस १००, कलर १००. माझेच आकडे. मीही हसले, इतकी की डोळ्यातून पाणी आलं आणि रुचिका थेंबाची बाटली घेऊन धावली.

मग तासभर बसून सगळं नीट लावलं. एकेक आकडा खाली आणायचा, उजव्या डोळ्यानं पाहायचं. माणसाच्या तोंडाचा रंग बरोबर आला की बाकीचं आपोआप येतं, हे माझं मत. गहूवर्णी बाई गहूवर्णी दिसली की थांबायचं. ब्राइटनेस ४५, कलर ५०, टोन मधला. डावा डोळा अजून म्हणतो, पिवळं आहे. त्याला सांगितलं, तू महिनाभर गप्प बस.

देवानंदांनी गॉगल काढून पहिल्यांदा नव्या टीव्हीवर सिनेमा पाहिला. अर्ध्यात झोपले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर रुचिकानं एकटीनं दुकान चालवलं. आज मी गेले, देवानंदांचा गॉगल लावून, कारण डॉक्टरीणबाईंनी धूळ-उन्हापासून जपायला सांगितलंय. रुचिका उठायला लागली. मी तिला बस म्हटलं आणि गादीवर तिच्याशेजारीच बसले. एकतीस वर्षांत त्या गादीवर माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही, त्यामुळं दोघींना जरा दाटीच झाली.

किन्हीराजाची एक बाई आमसुली साडी घेऊन आली. मी गॉगल वर केला, पाहिलं, आणि तोंडावर आलेला नंबर गिळला. म्हटलं, "रुचिका, तू सांग बरं आधी." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तिच्या हातात परीक्षेचा पेपर ठेवला. तिनं चौथ्या फळीवरचा पीस काढला. मी दुसरा काढला असता. दोघी पायरीवर गेलो. तिचा जरा तांबूस निघाला, माझा बरोबर. एवढा आनंद झाला की लपवता आला नाही, आणि लपवावा असंही वाटलं नाही. तीही हसत होती. माझा उजवा आणि तिचे दोन, दुकानात सध्या तीन चांगले डोळे आहेत. तेवढ्यावर महिना निघेल.

फय्याजभाईंकडं जाऊन चहा पिऊन आले. त्या दिवशीचाही आणि आजचाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

साबुदाण्याची खिचडी खाऊन सगळे टीव्हीसमोर बसलो. नवीननं मोबाइल टीव्हीला जोडला. म्हणाला, एवढा टीव्ही घेतला, संक्रांतीचे फोटो मोठे करून पाहू. पहिलाच फोटो रुचिकाचा आला. हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार. आणि साडी निळी.

मी म्हटलं, टोन बिघडला. रिमोट घेतला. टोन बदलला, साडी निळीच. कलर खाली आणत आणत पार २० वर नेला, रुचिकाचं तोंड राखेसारखं झालं, साडीची निळाई जाईना. पुढचा फोटो आला, त्यात तिच्याशेजारी रुपाबाई. रुपाबाईंची साडी काळी. दोघी एकाच फोटोत, एकाच उजेडात.

टीव्ही बरोबर होता.

त्या फोटोत मागं दहा-बारा बाया, सगळ्या काळ्यात, आणि मधे माझी सून, तिची पहिली संक्रांत, एकटी निळी. हसते आहे. साडीवाल्यानं दोनदा का विचारलं, रुपाबाई कोणत्या नव्या रीतीबद्दल बोलत होत्या, रुचिका मधे का पडली, सगळं एकदम समजलं. गल्लीभर बायांनी नावं ठेवली असतील. तिच्या माहेरीही फोटो गेले असतील. आणि ती म्हणाली, मीच सांगितलं होतं.

नवीन फोटो बदलायला लागला. मी म्हटलं, राहू दे तो. मी कलर परत ५० वर आणला, म्हणजे तिचं तोंड नीट दिसेल. मग तिला म्हटलं, जे गेल्या महिन्यापासून घशात अडकलं होतं ते, की माझं चुकलं, साडीचंही आणि त्या दिवशी दुकानात बोलले त्याचंही. सर्वांसमोर म्हटलं. पुढच्या संक्रांतीला ठार काळी घेऊन देईन, दोन्ही डोळ्यांनी पाहून, असंही म्हटलं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, खरं सांगू? मले काळा रंग लहानपनापासून आवडतच नाही. माहेरी सगळे काळं नेसत, मी काई ना काई बहाना करे. यंदा तं पह्यली संक्रांत, सुटका नाही म्हटलं. अन् तुमी निळी घेऊन आल्या. मी खिडकीपाशी नेऊन पाह्यली तं निळीच. मले रडूच आलं. पुढच्या वर्षी बी निळीच आना."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग डावा मिटून, नुसत्या उजव्यानं, अगदी जवळून. खरं सांगत होती की माझं मन राखत होती, मला काही केल्या ओळखता आलं नाही. चोवीस तुकड्यांत बसेल असा तो रंगच नव्हता.

मी तिला म्हटलं, बरं, निळी आणू, पण शेड मी ठरवणार. ती म्हणाली, पायरीवर नेऊन.